पंपाला घातलेली माळ

कोपरी, ठाणे पूर्व

तीर्थरूप चांगदेवदादा,

मंजुळाचा कडक जय भीम. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझी शुगर? (खरं सांग. वहिनी मला फोनवर सगळं सांगते, तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय.) इकडे मी आणि स्वप्ना मजेत. पोरगी नववीत गेली, उंचीला माझ्यापुढे गेली आणि तोंडाने तर तुझ्याही.

पत्राला कारण असं, की मला नोकरी लागून दहा महिने झाले. हो, नोकरी! दहावीच्या गणितात दोनदा आपटून तिसऱ्या खेपेला मी पेपरला म्हणून निघाले, ती थेट जगनशी रजिस्टर लग्न करून आले. (अठरा पूर्ण झालेली, कायदा माझ्या बाजूने.) तू स्वतः गणिताचा मास्तर. तेव्हा म्हणालेलास, दहावीशिवाय तुला कुत्रं विचारणार नाही. जगन चार वर्षांपूर्वी शीळफाट्याला जाऊन येतो म्हणून गेला, तो अजून येतोच आहे. त्याच वर्षी माझं रिवाइंडिंगचं दुकानही बंद पडलं (माझं म्हणजे मालकाचं; मी अकरा वर्षं तिथे जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचे). मग जाईन तिथे एकच प्रश्न, दहावीचं सर्टिफिकेट? मॉलमध्ये पॉपकॉर्न पुड्यात भरायला दहावी. दुकानात साड्यांच्या घड्या घालायला दहावी. एका बाईंना तर त्यांचा कुत्रा फिरवायलाही शिकलेलीच हवी होती. (म्हणजे कुत्र्याबाबत तुझं खरं ठरलं.)

शेवटी गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाळकुमच्या एका टॉवरमध्ये झाडलोटीचं काम मागायला गेले. आदल्या दिवशी आपला दसरा विहारात, आणि त्यांचा पंपाच्या खोलीत. तिथल्या सेक्रेटरी भावना मॅडमनी पंपाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढा दाखवला आणि झेंडूची ही एवढी जाड माळ घालून दार लावून घेतलं. सकाळी चालू केला तर पंप बोंबलायलाच लागला. तीस मजले कोरडे, वरचे साहेब लोक बादल्या घेऊन खाली, आणि अपूर्व नावाचा इंजिनिअर पोरगा सांगतोय, मोटार गेली, नवी यायला दोन दिवस लागतील. मला काही राहवेना. त्याच्याच हातातला स्क्रूड्रायव्हर मागितला, पंप पुन्हा लावायला सांगितला, टोक मोटारीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. (मोटारीची नाडी अशीच बघतात.) भावना मॅडम हळूच कुणाला तरी म्हणाल्या, "ह्या मंत्र घालतायत का?" मोटार ठणठणीत होती. खरखर पुढे, शाफ्टपाशी. पंप बंद करून जाळी काढली, तर आत माळेचा दोरा गच्च गुंडाळलेला आणि झेंडूचा पार लगदा! ब्लेडने सगळं कापून काढलं, बटण दाबलं, आणि पंप एकदम शहाण्यासारखा चालू झाला. अपूर्व बिचारा म्हणाला, हे आम्हाला सिलॅबसला नव्हतं.

झाडलोट राहिली बाजूला. मॅडमनी तिथल्या तिथे विचारलं, पंप ऑपरेटर होणार का? शिक्षणाचं मीच सांगून टाकलं, उगाच मागून भानगड नको. त्या म्हणाल्या, "अहो, इथे सगळे शिकलेलेच आहेत. पाणी कुणाला चढवता येतंय?"

दादा, आता तीस मजल्यांचं पाणी माझ्या हातात आहे. पंपाच्या खोलीवर माझ्या नावाची पाटी लागलीय, आणि मी ती रोज आत जाताना वाचते. (बाहेर येतानाही.) मला माझा अभिमान वाटतो, लपवत नाही. सर्टिफिकेटवाचून माझं काहीएक अडलं नाही, एवढंच कळवायचं होतं. बाकी काही नाही.

तुझी
मंजुळा

ता. क. दहावीचा फॉर्म पुन्हा भरलाय. नोकरीसाठी नाही हं, ती पक्की आहे. उगाच आपला.

ता. क. दुसरा. उगाच नाही. रोज रात्री भूमितीचं पुस्तक उघडते आणि बंद करते. दिवाळीत पंधरा दिवस येशील? आता रिटायर झालायस, कुठली शाळा तुझ्यावाचून अडलीय?

ता. क. शेवटचा. स्वप्ना म्हणते, मामा शिकवताना फार ओरडतो. मी म्हटलं, ओरडू दे की. लग्न केल्यापासून तो माझ्याशी परक्यासारखा गोड बोलतोय.