उरलेलं पात्र

सोमवार, ३ जून

आले एकदाची! खोली तशी छान आहे. एक खिडकी, एक टेबल आणि एक कपाट, ज्याचं दार अर्धं उघडलं की पलंगाला अडतं. घरमालकीणबाईंनी किल्ली हातात देतानाच नळ घट्ट बंद करायचा, पंखा उगाच चालू ठेवायचा नाही, जोरजोरात हसायचं नाही असे नियम सांगून टाकले. हसायचं नाही हे जरा अवघड जाणार आहे.

आई जन्मभर सांगत आली की गेम खेळून कुणाचं पोट भरत नाही. घ्या, आता भरणार! बाजारात न आलेला गेम दिवसभर खेळायचा, कुठे काय बिघडलंय ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. याचा पगार! धाकटीला फोन करून इतकं मीठमसाला लावून सांगितलं की बाईसाहेब चांगल्याच जळल्या. खरं तर ती माझ्यापेक्षा सरस खेळते, पण हे मी तिला मेले तरी सांगणार नाही. तुमच्याकडे अजून जागा आहे का, असं तिने लगेच विचारून घेतलं.

आम्ही एका खोलीत चौघं बसतो. आमचा टीम लीड म्हणजे मुकादम. सगळे त्याला तेच म्हणतात. हळू बोलणारा, चष्मा सारखा पुसणारा माणूस. दुसरा पैलवान, म्हणजे अर्थातच फुंकर मारली तर उडेल असा. आणि तिसऱ्या वहिनी. त्यांचे यजमान वरच्या मजल्यावर हिशेब बघतात, म्हणून त्या अख्ख्या ऑफिसच्या वहिनी.

गेम असा: चौघांनी मिळून खाणीत उतरायचं, भिंतींतून बैलाएवढ्या अळ्या निघतात, त्यांना गोळ्या घालत परत वर यायचं. आधी पात्र निवडायचं. तोफवाला, हेर, मिस्त्री किंवा वैद्य, प्रत्येकी एकच. मी पडले नवीन, म्हणून शहाण्यासारखी म्हणाले, मला काहीही चालेल. मग काय, वैद्य उरला होता तो मिळाला.

मंगळवार, ४ जून

मला तोफवाला हवा होता. अख्खं आयुष्य मी तोफवालाच घेत आलेय.

वैद्याकडे बंदूक म्हणजे फुसका बार. त्याचं काम एकच. जखमी झालेल्याकडे हातातून हिरवा दोर फेकायचा. दोर लागला की त्याची जखम भरते आणि माझी ताकद तेवढीच उतरते. वैद्याला मात्र कुणी बरं करू शकत नाही. त्याने आपलं एका कोपऱ्यात कण्हत बसायचं.

संध्याकाळी मुकादमाला म्हटलं, उद्यापासून बदलू या का? तो म्हणाला की चाचणीची फेरी संपेपर्यंत पात्र बदलता येत नाही, नाहीतर आधीचे निकाल आणि नंतरचे निकाल ताडून बघता येत नाहीत. नवी फेरी महिन्याच्या शेवटी सुरू होईल. बोलणं रास्त होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

शुक्रवार, ७ जून

या तिघांना खेळता येत नाही असं मला आधी वाटलं होतं. तसं नाही, यांना स्वतःला जपायचंच नाहीये! मिस्त्रीचं काम भिंत उभारायचं, तर वहिनी भिंत सोडून अळ्यांच्या घोळक्यात शिरतात. पैलवान हेर आहे, त्याने लपून राहायचं, तर तो उंच कड्यावरून सरळ उडी मारतो आणि मोडक्या पायांनी हसत बसतो. मुकादम तोफ घेऊन वाट्टेल तिथे उभा राहतो. ओरडून ओरडून माझा घसा बसला. पैलवान म्हणतो, वैद्य आहे ना, मग कशाला घाबरायचं? याला म्हणतात दुसऱ्याच्या जिवावर उदार!

मी रीतसर बग लिहून दिला की वैद्याला स्वतःवर इलाज करता येत नाही. वरून उत्तर आलं, ‘ठरवल्याप्रमाणे चालते आहे.’ आणि विषय बंद. दिवसभर डोकं नुसतं तापलं होतं.

मंगळवार, ११ जून

आज पैलवान जिन्यावरून गडगडत खालपर्यंत आला. मी मागेच होते, किंचाळलेच. पण गडी उठला, पँट झटकली आणि चहा आणायला गेला. साधं खरचटलंही नाही.

घरी येऊन बघते तर माझा गुडघा टम्म सुजून काळानिळा झालेला. कुठे आपटला ते काही आठवत नाही. कपाटाच्या दारालाच आपटला असणार, मेलं ते दार!

शुक्रवार, १४ जून

वहिनींना लग्नाच्या आधीपासून अर्धशिशी आहे म्हणे. आज मोठ्या खुशीत सांगत होत्या की या आठवड्यात एकदाही डोकं धरून बसावं लागलं नाही, कसं अगदी हलकं वाटतंय. मला त्यांच्याशी हसून बोलणं जमलं नाही, कारण माझं उजवं डोकं सकाळपासून कुणी सळई खुपसल्यासारखं ठणकतंय. मला आजवर कधी साधी डोकेदुखी नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं, डोळे तपासले, काहीच निघालं नाही. स्क्रीनसमोर कमी बसा म्हणाले. अहो, तेच तर माझं काम आहे!

धाकटीने ऑफिसात अर्ज पाठवलाय. मला न विचारता.

मंगळवार, १८ जून

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

वहिनी किटलीतून चहा ओतत होत्या. हात निसटला आणि उकळता चहा त्यांच्या मनगटावर सांडला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझ्या खुर्चीत होते आणि माझं मनगट भाजलं. भाजलं म्हणजे खरंच भाजलं, कातडी लाल होऊन तिथल्या तिथे फोड आला. वहिनींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी वळून माझ्याकडे पाहिलं. मग पदराने हात पुसला आणि उरलेला चहा ओतला.

त्यांना माहीत आहे. तिघांनाही माहीत आहे.

बुधवार, १९ जून

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मशीन सुरू केलं आणि तोफवाल्यावर बोट ठेवलं. स्क्रीनवर वैद्य. पुन्हा केलं, पुन्हा वैद्य. मग हेर, मग मिस्त्री, काहीही दाबलं तरी वैद्यच. बग लिहून पाठवला. उत्तर, ‘ठरवल्याप्रमाणे चालते आहे.’ कुणी ठरवलं? कोण बसलंय तिकडे उत्तरं लिहायला?

मुकादमासमोर मनगट धरलं. त्याने नाही म्हटलं नाही, उडवूनही लावलं नाही. नुसता चष्मा पुसत राहिला. म्हणाला, फेरी संपू दे, मग बघू. मी विचारलं की आधी या खुर्चीत कोण बसायचं? एक मुलगी होती, तिची तब्येत बिघडली, एवढंच म्हणाला.

वहिनींच्या फोनमधून तिचा नंबर मिळवला. फोन तिच्या भावाने उचलला. ती अंथरुणावरच आहे म्हणाला, बोलायला त्रास होतो. पण महिन्याच्या सुरुवातीपासून नवीन काही दुखणं आलेलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, “तिने तुमचे आभार मानायला सांगितलेत.”

शनिवार, २२ जून

दोन दिवस ऑफिसला गेले नाही. काही उपयोग नाही. घरी बसलं तरी येतंच. आज दुपारी पलंगावर बसले असताना बरगडीत कळ आली ती थेट पाठीत गेली, श्वास घेता येईना. थोड्या वेळाने पैलवानाचा मेसेज. मोटरसायकल घसरली, सॉरी हं! पुढे हसरा चेहरा.

हा हेल्मेटसुद्धा घालत नाही आता. कशाला घालेल? गरज सरो वैद्य मरो अशी म्हण आहे. इथे तर गरज सरतच नाही.

राग इतका येतोय की रडायलाही होत नाही. बरगडी दुखते म्हणून नीट रडताही येत नाही.

सोमवार, २४ जून

पोलिसांकडे जाऊन सांगणार तरी काय? डॉक्टर म्हणतात, बरगडी मोडली आहे, कुठे पडलात? आई म्हणते, दगदग होतेय, चार दिवस घरी ये. कुणाकुणाला समजावू!

धाकटीला मात्र सगळं सांगितलं. सगळं, मनगटासकट. ऑफिसातून तिला मुलाखतीचा फोन आलाय, म्हणून सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “ताई, मी तुला तिथे नको असेन तर तसं सांग. एवढी मोठी थाप कशाला?” तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, असंही म्हणाली. फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

बुधवार, २६ जून

छातीत दुखतंय. हे पैलवानाचं नाही, वहिनींचं नाही. डाव्या हाताला मुंग्या — थांबतं, पुन्हा येतं.

मुकादमाला फोन केला. ऑफिसातच होता. म्हणाला की परवापासून त्याने आपली खुर्ची त्याच्या आईला दिली आहे. पात्र बदललं नाही म्हणे, फक्त तोफवाला आता ती. तिच्या हृदयाचं ऑपरेशन होण्यासारखं नाही, डॉक्टरांनी हात टेकलेत. कंट्रोलर नुसता हातात धरून बसते बिचारी. चार पावलं चालायला लागली, जेवायला लागली. मग म्हणाला, “आई आहे गं माझी.”

मी शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या.

गुरुवार, २७ जून

उद्या नवी फेरी. म्हणजे उद्या सगळे पुन्हा निवडणार. मी गेलेच नाही तर माझं नाव निघेल. आधीच्या मुलीचं तसंच निघालं असणार.

ज्याला वैद्य मिळेल त्याचं — नाही, तो विचार मी करणार नाही. मी का करू? माझा विचार कुणी केला?

फक्त उद्या सकाळपर्यंत टिकायचं. जिना उतरायचा नाही. दार लावून पडून राहायचं.

शुक्रवार, २८ जून

सकाळी धाकटीचा मेसेज. नोकरी मिळाली, आजपासूनच रुजू, तुमच्याच खोलीत, तुझ्याच खुर्चीत, आता रुसवा सोड.

धावत ऑफिसात आले. जिन्यात दोनदा बसले.

चौघं बसलेली. मुकादमाची आई, पैलवान, वहिनी आणि माझी धाकटी. तिघांनी आपापलं घेतलेलं. धाकटी सगळ्यांच्या ओळखी करून घेण्यात, हसण्यात. स्क्रीनवर एकच चौकट उरलेली, अजून पक्की केली नव्हती. मुकादम दाराशी उभा. मला हळूच म्हणाला, “तू बस, नाहीतर ती बसेल. जबरदस्ती कुणावरच नाही.”

दंडाला धरून ओढून उठवलं तिला. सगळ्यांसमोर. बसले आणि वैद्य दाबला. मीच दाबला.

ती म्हणाली, “तुझं तोंड बघणार नाही पुन्हा.” चालेल. जा फक्त. पण जात नाहीये. दाराशी रडत उभी आहे. मुकादम तिला पाणी देतोय, तिच्या खांद्यावर हात, तिला काहीतरी समजावतोय.

वही मांडीवर घेऊन लिहितेय. म्हातारीच्या गालावर रंग आलाय. मला विचारते, बाळ, एवढी घामाघूम का झालीस? चांगली आहे हो बाई. तिला काहीच माहीत नाही.

डावा हात गेला. जबडा —

आत्ता कळलं. धाकटीला उठवून काय मिळवलं मी? मी पडले की ही खुर्ची पुन्हा रिकामी. आणि ती दारातच. तिच्याशी बोलायला तोंड उघडत नाहीये. मुकादम म्हणतोय, थांब जरा, लगेच बसवतो तुला —

वहिनी, तिला सांगा. तुम्ही तरी सांगा. तिला म्हणावं ताई म्हणाली