पाडव्याचा धर्मादाय

अलिबाग, दिवाळी पाडवा, १९५४

भातगिरणीचा धर्मादाय कुणाला द्यायचा, हे शेटजींनी यंदा प्रथमच आम्हा कामगारांना विचारलं. सगळे म्हणाले, महादूला. इंजिनाच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. पट्ट्याला जाळी हवी, हे मी आधीच सांगितलं होतं. इंजिनाचं काम मी कुणाकडे शिकलो नाही, पण तेवढं कळतं.

मुनीम हसला. “तो आपलाच माणूस, त्याला देऊन पुण्य कसलं? त्यापेक्षा देवीला चांदीचा हात वाहू.”

चांदीचा हात! आणि तेही महादूसमोर! मी मुनिमाचं डोकं गल्ल्याच्या पेटीवर दोनदा आपटलं. दात पडला, खालचा.

महादू ओरडला, “मिस्त्री, सोडा त्याला! आता मला काय पन न्हाय मिळायचं!”

त्याचं खरं होतं. म्हणूनच तिसऱ्यांदा आपटलं.