दुसऱ्या साक्षीदाराची जागा

लिहून ठेवणार: मी, दशरथ धाकू घाडीगावकर, वय सत्तावन्न, मूळ गाव देवगड तालुक्यातले, हल्ली राहणार दहिसर पूर्व, नदीकाठची चाळ, खोली क्रमांक नऊ. धंदा: रेल्वेत केबिनमन. खात्याच्या कागदांप्रमाणे मी केबिनमन होतो. हा कागद माझा आहे, म्हणून येथे आहे असेच लिहिले आहे.

येत्या सोमवारी पोटाचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मात्र हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. तेव्हा शुद्धीत आहे तोवर सर्व लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो तो अशक्तपणामुळे. कोणाच्याही दडपणाखाली मी हे लिहिलेले नाही. दडपणाखाली सही करण्याची मला सवय असती, तर आज मी क्वार्टरमध्ये राहत असतो आणि या चाळीत नळावरून भांडत नसतो.

कलम एक. खोली क्रमांक नऊ, तिच्यातील भांडीकुंडी, शिवणयंत्र आणि गावच्या घरातील माझा हिस्सा माझी पत्नी सौ. रुक्मिणी हिचा. यात मी तिला काही देत आहे असे कोणी समजू नये. साडेतीन वर्षे ती याच यंत्रावर शेजारणींची पोलकी शिवत आली आहे, आणि मी कोर्टकचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत आलो आहे. तिचे तिला मिळत आहे.

कलम दोन. माझे घड्याळ मुलगी प्रेमा हिला. ते दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते. दुरुस्त करू नये. केबिनमनला दोन मिनिटे पुढे असलेले बरे असते, आणि सासुरवाशिणीलाही.

कलम तीन. रेल्वेची नियमांची पुस्तके (दोन, एकाचे पुठ्ठे निघालेले) मुलगा चिरंजीव चंद्रप्रकाश यास. त्याने ती रद्दीत घालू नयेत. आतली समासातली टिपणे माझी आहेत. कामाच्या तासांचे पान दुमडलेले आहे, ते त्याने एकदा तरी वाचावे आणि मग आपल्या बापाला आडमुठा म्हणावे.

हा शब्द त्याने माफीनाम्यावरून वापरला, म्हणून माफीनाम्याचे आधी लिहितो. खात्याने गेल्या वर्षी छापील कागद पाठवला. त्यावर लिहिले आहे की मी बेकायदेशीर संपात भाग घेतला, मला पश्चात्ताप होत आहे, आणि मला दयेने परत घ्यावे. सही केली की मी नवा भरती झालेला माणूस. चंद्रप्रकाश म्हणाला, "बाबा, एक सही यार! काय बिघडतं? आम्हीपण सुटू ना!" मी त्याला सांगितले, मी संप केला असता तर छाती काढून सांगितले असते. चौऱ्याहत्तर साली केला होता, सात दिवस तुरुंगात होतो, आणि तेव्हा गजाआड म्हटलेली गाणी अजून पाठ आहेत. पण जो संप मी केलाच नाही, त्याची माफी मी मागणार नाही. माझ्या मागे वारस म्हणून कोणीही या कागदावर माझ्या वतीने सही करू नये. रुक्मिणीला मी स्पष्ट विचारले होते. ती म्हणाली, "सही करूची आसली तर करा. पण माझ्यासाठी केलंय असां कोणाक सांगू नकात." तो कागद कोराच ट्रंकेत आहे. तो माझ्या तसबिरीमागे लावावा.

आता काय घडले ते. वकील म्हणतात, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. वकिलांनी आपले लहान करावे.

स्टेशनाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मालगाड्यांच्या यार्डावरची आमची केबिन, अठ्ठावीस लिव्हर. लिव्हर ओढला की खाली रूळ फिरतात, सिग्नल पडतो. ओढायचा तो फडक्याने, उघड्या हाताने नाही, कारण घामाने पोलाद गंजते. आणि ज्या रुळावर माणसे काम करत असतील त्या रुळाच्या लिव्हरला लाल कडे घालायचे, त्याला कॉलर म्हणतात. कॉलर दिसली की हात आपोआप थांबतो. आमच्याकडे आणखी एक रीत होती. बदलीचा माणूस दहा मिनिटे आधी वर येई, रजिस्टरात वेळ घाली आणि लिही, "चार्ज घेतला." ते दोन शब्द पडेपर्यंत आधीचा माणूस केबिनला बांधलेला. आपापसांत मात्र आम्ही सांभाळून घेत असू. कोणाला तास-अर्धा तास उशीर व्हायचा असला तर आदल्या दिवशी सांगायचे, रजिस्टरात वेळ मात्र ड्युटीचीच घालायची. हे चुकीचे होते आणि सगळे करत होते.

सन ब्याऐंशी, मार्च महिना. आदल्या वर्षी संसदेने अत्यावश्यक सेवांचा कायदा केला होता, आणि संपबंदीचा हुकूम आमच्या फळ्यावर लागला होता. मी तो पुरता वाचला. अनेकांनी संगनमताने काम बंद करणे म्हणजे संप, हे समजण्यासारखे होते. पुढे लिहिले होते की ओव्हरटाइम नाकारणे हाही संपच. वॉरंटशिवाय अटक, चौकशीशिवाय बडतर्फी. संपवाल्याला पैसे देणारासुद्धा गुन्हेगार. मी खाली येऊन म्हणालो, आता घरी जाणे हाही गुन्हा झाला. सगळे हसले. चौथ्या दिवशी तो गुन्हा माझ्याच हातून झाला.

त्या दिवशी सकाळी सहाला माझी आठ तासांची पाळी संपली. सकाळचा माणूस तापाने आला नाही, म्हणून मी आणखी आठ तास थांबलो. कुरकुर केली नाही. दुपारी दोनला गुणाजी यायचा होता.

गुणाजी विठू धुरी, माझ्या शेजारच्या गावचा, वीस वर्षे माझा बदलीचा माणूस. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "दशरथा, उद्या माका वायच उशीर होतलो. शकूक बघूक येतत. सकाळवाल्याक सांगून ठेव, सांभाळून घी म्हणान." मी म्हटले, "जा रे, खुशाल जा. पोहे जास्त खा." तेव्हा मला कुठे ठाऊक होते की मी सोळा तास उभा असणार?

आता जे लिहितो ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. वकिलांना नाही, रुक्मिणीलाही नाही. दुपारी एकच्या सुमारास अकरा नंबरच्या रुळावर चार खलाशी स्लीपर बदलत होते. त्या लिव्हरला मी स्वतः कॉलर घातली होती. चहाचा ग्लास घ्यायला खिडकीकडे हात केला, तर कॉलर ग्लासाशेजारी. मागे वळून पाहिले, तर अकरा नंबर उघडा, आणि फडके त्याच्यावरच, म्हणजे ओढायचेच बाकी. कॉलर मीच काढली होती. केव्हा काढली, हे मला तेव्हा आठवले नाही आणि आजही आठवत नाही. खाली ते चौघे बिड्या ओढत बसले होते, एकाचा पाय रुळांच्या फटीत होता. एकतीस वर्षांत माझा हात चुकला नव्हता. मी कॉलर परत घातली आणि खाली बसलो.

दोन वाजले, गुणाजी नाही. यार्डाचे साहेब वर आले आणि म्हणाले, "रात्री दहापर्यंत तूच थांब." मी सांगितले, थांबणार नाही. ते म्हणाले, "ओव्हरटाइम नाकारणं म्हणजे संप. नोटीस वाचली नाहीस का?" मी म्हटले, "वाचली. तुम्ही रजिस्टर वाचा. सोळा तास झाले." सगळे सिग्नल धोक्यावर घातले, लिव्हरना कॉलरी घातल्या, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि उतरलो. माझा हात चुकला हे एक वाक्य तेव्हा बोललो असतो, तर डॉक्टरकडे पाठवले असते, फार तर दोन वेतनवाढी गेल्या असत्या. बोललो नाही. घाडीगावकरचा हात चुकला, हे माझ्या तोंडून निघेना. ती माझी मिजास होती. कायदा वाईट होता, तो आजही वाईट आहे. पण माझ्या मिजाशीने त्याला वाट करून दिली, हे मी येथे कबूल करतो.

एकट्या माणसाचा संप होत नाही. संगनमताला निदान दोघे लागतात. दुसरा त्यांना गुणाजी मिळाला. तो तीनला धावत आला, तेव्हा साहेब दारात उभे. कामावर गैरहजर, तोही संपबंदीच्या दिवसांत. मुलीचे नुकतेच जमलेले लग्न, आणि पुढ्यात तयार जबानी. युनियनच्या सभेत ओव्हरटाइम न करण्याचे ठरले, दशरथने आग्रह धरला, मी घाबरून हो म्हटले, अशी. त्याने सही केली. सभा कसली? पोहे आणि चहा होता! त्याची नोकरी राहिली, मी सहा आठवडे तुरुंगात आणि कायमचा घरी.

कलम चार. युनियनच्या ज्या पुढाऱ्यांनी चौऱ्याहत्तर साली माझ्या खांद्यावर बसून भाषणे केली आणि ब्याऐंशी साली मला ओळख दिली नाही, त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. आलेच तर मागे बसावे.

कलम पाच. माझा पितळी डबा सखुबाई वैती यांना. त्या आमच्या दारावर मासळी घेऊन येतात. मी तुरुंगात असताना कोणी एक रुपया द्यायला धजत नव्हते. सखुबाई रोज पायरीवर बोंबील ठेवून जात. मी सुटून आल्यावर त्यांना म्हटले, बाई, संपवाल्याला मदत केली तर तुम्हांला पकडतील. त्या म्हणाल्या, "कायद्यान पैसं लिवलंय ना? बोंबील लिवलंय काय?" दिल्लीतल्या भल्या भल्या वकिलांना हा मुद्दा सुचला नाही.

कलम सहा. घरात एक लाल कॉलर आहे. माझ्या पेटीतले सामान खात्याने पोत्यात कोंबून पाठवले, त्यात ती आली. ती सरकारी मालमत्ता आहे. चंद्रप्रकाशने ती परत करावी आणि पावती घ्यावी. पावती दिल्याशिवाय हलू नये. फडके मात्र माझे स्वतःचे, रुक्मिणीच्या जुन्या लुगड्याचे. ते माझ्याबरोबर जाऊ द्यावे.

कलम सात, आणि हेच खरे. गेल्या जुलैत दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चौकशीशिवाय काढणे घटनेत बसते. चाळीत तीन दिवस माझ्याशी कोणी बोलले नाही, सुतक असल्यासारखे. पण वकील म्हणतात, खात्याकडे अपील करून आता तरी चौकशी करा, असे मागता येते. तेथे एकच प्रश्न आहे. संगनमत होते की नव्हते? ते दोनच माणसांना माहीत आहे. एक मी, आणि मी सोमवारी टेबलावर.

गुणाजी, शकूच्या लग्नाचे आमंत्रण तू मला दिले नाहीस. रुक्मिणी न बोलावता गेली, पोरीला खण देऊन आली आणि म्हणाली, पोरगी छान दिसत होती. मला तुझा फार राग आला. अजून आहे. वीस वर्षे ज्याच्या हातात केबिन देऊन मी निर्धास्त झोपलो, त्याने असे करावे याचे मला रडू आले होते, हेही लिहून ठेवतो. पण शकूच्या जागी माझी प्रेमा असती तर मी काय केले असते, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

माझी चूक मी वर लिहिली आहे. आता तू. निरोप पाठवला आहेच, रविवारी दुपारी दोनला घरी ये. शकूला बरोबर आण, तुझा चष्मा नेहमी घरी राहतो. तिने हा कागद तुला पहिल्यापासून वाचून दाखवावा, तुझ्याविषयीचे काही गाळू नये. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. ते मी क्रमांक एक आणि क्रमांक तीन असे घेतले आहेत, म्हणजे तुझ्यावाचून माझे काही अडलेले नाही. क्रमांक दोनची जागा मी कोरी ठेवली आहे. तुझी दोन वर्षे नोकरी बाकी आहे. हा कायदा अजून जिवंत आहे, आणि सही केलीस तर खोट्या जबानीबद्दल तुला काढतील, हे तुलाही कळते. तू सही केली नाहीस तर ती जागा कोरीच राहू द्यावी, तेथे दुसऱ्या कोणाचे नाव घालू नये. बघणाऱ्याला कळेल.

याआधीचे माझे मृत्युपत्र नाही. यानंतरचे करण्याचा माझा पूर्ण विचार आहे.

मुक्काम दहिसर, गुरुवार, दिनांक १२ डिसेंबर १९८५.

(सही) दशरथ धाकू घाडीगावकर, केबिनमन

लिहून देणाराने आमच्या देखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत केली:

साक्षीदार क्रमांक एक: (सही) चंदर हरेश्वर वैती, टपाल खाते, राहणार दहिसर

साक्षीदार क्रमांक दोन:

मी गुणाजी विठू धुरी, वय छप्पन्न, केबिनमन, आज नोकरीत. दोनला बोलावले होते, एकला आलो. शकूने सगळे वाचून दाखवले. माझ्याविषयीचे दोनदा वाचायला लावले. सभा झाली नव्हती. आमचे काही ठरले नव्हते. त्या दिवशी दुपारी दोनची ड्युटी माझी होती आणि मी घरी होतो. जबानी खोटी आहे. चौकशीत हेच सांगेन. रविवार, १५ डिसेंबर १९८५. वेळ १३.५०. चार्ज घेतला.

(सही) गुणाजी

साक्षीदार क्रमांक तीन: (सही) श्रीमती रत्नप्रभा नाईक, बालवाडी शिक्षिका, खोली क्रमांक चार