आखाड्याबाहेरची मावशी

टोकियो,
२० एप्रिल २०२५

ती. शैलजामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी, की मेमधली स्पर्धा ही माझी शेवटची संधी आहे. या सूमोच्या तालमीत अकरा वर्षं झाली. वरच्या श्रेणीच्या दारापर्यंत पोहोचलो, आत कधीच गेलो नाही. काल जेवताना वस्ताद शांतपणे म्हणाले, की सातपैकी चार कुस्त्या मारल्यास तर वर जाशील, नाहीतर तुझी शेंडी उतरवू. पैलवान निवृत्त झाला की इथे त्याची जवळची माणसं एकेक करून शेंडीला कात्री लावतात. शेवटची कात्री वस्तादांची.

आई गेल्यापासून माझं घर म्हणजे तू. तरी तू एकदाही मॅच बघायला आली नाहीस. कारण मला पाठ आहे: इथे आखाड्यावर बाईने पाय ठेवायचा नाही. पण प्रेक्षकांत बसायला तर बंदी नाही! शेवटचं एकदा ये ना.

वजन एकशे बेचाळीस आहे. तू विचारायच्या आधीच सांगितलं.

माया आहे तेवढी राहू दे, ओरडा थोडा कमी कर.

तुझा,
देवांग

---

पिस्कॅटवे,
३ मे २०२५

चि. देवांगास,
अ. उ. आ.

एकशे बेचाळीस किलोचा माणूस ‘ये ना’ म्हणून हट्ट करतो, हे वाचून चहा सांडला.

आपल्या घरातली शेंडी तुझ्या पणजोबांनी भर चावडीवर कापली, सगळ्या गावाशी वैर घेऊन. तीच तू टोकियोत जाऊन वाढवलीस, वर तेल लावून! इतिहास असा सूड घेतो.

मी येणार नाही. तेविसाव्या वर्षी गावच्या देवळात मला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून मागे ढकललं. त्या दिवशी ठरवलं, की जी पायरी मला बंद, तिच्या अंगणातही मी उभी राहणार नाही. माती कुणाच्या पावलांनी विटाळत नाही रे. विटाळतात ती डोकी. तुझ्या जावळाच्या वेळी हेच. बाळ मामाच्या मांडीवर हवं, आणि तुला मामाच नाही! मंडळी शिकागोहून कुणीतरी लांबचा मामा मागवायला निघाली. मी म्हटलं, कांचन माझी बहीण, मांडी माझी. आपल्या गॅरेजमध्ये माझ्याच मांडीवर तुझे केस उतरले. रडून तू माझ्या शर्टाची दोन बटणं तोडलीस.

आणि एक ऐक. वर जाऊन नाव कमावलंस तर तुझी शेंडी पुढे मोठ्या आखाड्यावर उतरेल, आणि तिथे मला कात्री मिळणार नाही, हे मी वाचलं आहे. तरीही जिंक.

भात जपून, जिद्द पोटभर.

तुझी,
शैलजामावशी

---

टोकियो,
२७ मे २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हरलो. तीन-तीन झाल्या होत्या, सगळं सातवीवर होतं. पहिल्याच धडकेत मी त्याला कडेपर्यंत रेटत नेलं. तो बाजूला सरला, आणि मी माझ्याच जोरात बाहेर गेलो. तू म्हणशील, भातामुळे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शेंडी उतरेल. माझ्यासारख्या, वर न पोहोचलेल्यांचा समारंभ आखाड्यावर होत नाही, हॉटेलच्या हॉलमध्ये होतो. खाली नुसता गालिचा. तिथे बायकाही कात्री धरतात. वस्तादांना मी तुझी जावळाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, की असं असेल तर पहिली कात्री त्या बाईंची.

नंतर मी पिस्कॅटवेला घरी येतोय. माझी खोली रिकामी कर, तुझी पुस्तकं तिथे घुसली असणार.

येशील ना?

तुझा,
देवांग

---

पिस्कॅटवे,
१० जून २०२५

चि. देवांगास,
अ. उ. आ.

भातामुळे नाही. तो सरकला तेव्हा तुझी नजर खाली होती. मी बघितलं. अकरा वर्षांतली तुझी जी जी कुस्ती कंप्युटरवर सापडली, ती सकाळच्या चहाबरोबर बघितली आहे. अंगणात उभी राहणार नाही म्हटलं होतं. खिडकीतून डोकावणार नाही, असं कुठे म्हटलं?

आता स्पष्ट सांगते. तू जिंकला असतास, तर एक दिवस मी त्या आखाड्याच्या दारात उभी राहून भांडले असते, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस ठरला असता. तू हरल्यामुळे मिळालेली कात्री मी हक्क मानत नाही. नियम जिथल्या तिथेच आहे. गालिच्यावर उभं राहून तो मोडत नाही. हे मी वस्तादांना तोंडावर सांगणार आहे, आणि दुभाषी तू. गोड करून सांगितलंस तर त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेल.

पण बोलावणं मांडीच्या नात्याने आलं आहे, म्हणून येते. तिकीट काढलं. पुस्तकं मात्र खोलीतच राहतील. तुझ्याएवढ्या माणसाला तशीही ती खोली पुरणार नाही.

या वेळी बटणांचा शर्ट घालणार नाही. मागच्या खेपेला तू रडलास आणि मी हसले. या खेपेला उलटं झालं, तर मला सावरायला खुर्चीवरून उठू नकोस. वस्तादांची कात्री बाकी असेल.

राग विमानात बरोबर घेऊन येणारी,
तुझीच शैलजामावशी