सरकारने पाहिलेले हात

अमरावती, जेठ, शके १७८७

तीर्थरूप मायच्या पायावर नत्थूचं डोकं.

मी खुशाल आहो, दोन्ही वख्त जेवतो. धाकल्या चंद्रभानचा ताप उतरला का?

अमेरिकेतली लढाई सरली, तिथला कापूस आता पुन्हा विलायतेले जाईन म्हणून आपल्या कापसाचा भाव बसला, आमच्या शेठनं कापसाची आडत बंद केली. सारा बाजार रिकामा हिंडून राहिला. म्हणून सरकारनं रस्त्याची खडी फोडायचं काम काढलं.

पण तिथला कारकून आधी हात पाहते! घट्टे असले तरच मजूर. माहे हात मऊ. पाच वर्षं शेठच्या आडतीत कापसाचा धागा ओढून त्याची प्रत सांगतली, बोटाले धागा समजावा म्हणून रोज तेल चोळलं. तो म्हणे, "तू गादीवरचा माणूस, चाल घरी."

मंग दोन दिवस नाल्यातले गोटे फोडून हाताले फोड आणले. तर म्हणे, "फोड आले, तुह्याच्यानं काम होत नाही." आता याच्यापुढं कुठं डोकं आपटू?

कापूस वेचून भेगाळलेले तुहे हात त्यानं पाह्यले असते, तर पहिलं नाव तुहंच लिहिलं असतं. पण तू येऊ नको, माय. त्या हाताले आता कोणी काम सांगू नये, म्हणूनच तं मी अमरावतीले आलतो.

तुहा,
नत्थू