ऑटो कोणी बसवून घेतला

मु. पो. तिगाव, ता. पांढुर्णा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. करुणास आबाजीचा जय भीम व पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. फोनवर मला आता नुसती भुणभुण ऐकू येते, म्हणून कागदावर लिहितेस हे बरे करतेस. अक्षर मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीसारखे होऊन राहिले आहे. मी सहावीपर्यंत शिकलेला, तरी माझे अक्षर पोस्टमनला लागते.

मोटरीचा ऑटो म्हणजे काय, असे तू विचारलेस. मला तो वापरता येतो, पण सांगता येत नव्हता. म्हणून स्टेशनसमोरच्या अतुल मिस्त्रीला बोलावले. हा सौंसरकडचा पोरगा. बायको स्मिता आणि तो इथे भाड्याने राहतात आणि मोटर वाइंडिंगचे दुकान चालवतात. आपल्या विहिरीवरचा ऑटो त्यानेच बसवला. त्याला म्हटले, दिल्लीच्या नातीला लिहायचे आहे, नीट समजावून सांग. त्याने दोनदा सांगितले आणि हसून विचारले की नात तुमची परीक्षा घेऊन राहिली काय.

तर ते असे. शेतीच्या विजेची लाइन कधी दिवसा येते, कधी रातची. लाइन आली की हा लहानसा डबा मोटर आपोआप सुरू करतो. कोणाला उठून विहिरीवर जावे लागत नाही.

खरे ते लिहा असे तू बजावलेस म्हणून पुढचेही लिहितो. मोटर चालते तेव्हा मी झोपलेला असतो. संत्र्याची आळी भरून फुटतात आणि उरलेले पाणी नाल्याला जाते. सकाळी तो चिखल पाहिला की मनाला लागते. पण ऑटो काही मी काढत नाही. गावात सर्वांचे असेच आहे आणि विहिरी दर उन्हाळ्यात लवकर कोरड्या पडून राहिल्या आहेत.

सरकारने काय करावे हे लिहायचा तुम्हा लोकांना पगार मिळतो, हे मला अजून गावात समजावता आले नाही. मी सांगतो की करुणा सरकारी खात्यात आहे. रागावू नको.

थंडी फार असेल, कान बांधून फिर. लोभ विहिरीच्या पाण्यासारखा खाली जाऊ देऊ नको.

तुझा आबाजी,
दादाराव सोमकुवर

दिल्ली
७ जानेवारी २०२६

तीर्थरूप आबाजींना करुणाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचे पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवले. अक्षरावरचा टोमणा गाळला, हे कबूल करते.

आमच्या संस्थेचे टिपण परवा प्रसिद्ध झाले. देशाच्या अर्थनीतीवर आणि हवामानाच्या धोरणावर मिळून आहे. सोपे करून सांगते. शेतीला वीज जवळपास फुकट मिळते. ती बहुतेक कोळशाची असते, म्हणजे धूर होतो. तिचा भार सरकारच्या तिजोरीवर पडतो. आणि फुकट म्हणून पाणी उपसले जाते, विहीर खाली जाते. आम्ही म्हटले आहे की शेतीला दिवसा सौर वीज द्या, आणि अनुदान शेतकऱ्याच्या हातात द्या, म्हणजे जो पाणी वाचवील त्याचा फायदा होईल. एवढे सगळे आकड्यांनी कोणाच्या गळी उतरत नाही. तुमचा ऑटो मात्र सर्वांना कळला. आमच्या प्रमुख मॅडमना तोच परिच्छेद सर्वांत आवडला. त्यात मी लिहिले आहे की मध्य प्रदेशात तिगावजवळ गावचे मिस्त्री हा डबा सर्रास बसवून देतात आणि शेतकरी निर्धास्त झोपतो.

तिगावचे नाव घालायची गरज नव्हती. पण आपल्या स्टेशनचे नाव छापलेले पाहावे, असे मनात आले आणि राहू दिले. माझे नाव शेवटी बारीक अक्षरात आहे.

आणि आबाजी, मी सरकारी खात्यात नाही. आम्ही सरकारला सल्ला देतो. घरात तुम्ही माझे जेवढे ऐकता, तेवढेच ते ऐकते.

सौंसरला बाबांना फोन केला होता. शाळेच्या परीक्षांत ते गुंतले आहेत. तब्येतीला जपा आणि तुमच्या नातीवरची माया कागदावर अशीच उतरवत राहा.

तुमची,
करुणा

तिगाव
२९ जानेवारी २०२६

चि. करुणास आबाजीचा जय भीम. वि. वि.

हे पत्र एकटीच वाच. ऑफिसात वाचू नको.

तुमच्या टिपणाची बातमी इथल्या हिंदी पेपरात आली. दिल्लीच्या एका संस्थेने असे म्हटले, एवढेच होते. तुझे नाव नव्हते, पण तिगावचे होते. चार दिवस लोकांना मजा वाटली. मग बिजलीवाले गाडी घेऊन आले, ऑटो लावणे नियमात नाही म्हणाले आणि एकेका विहिरीवरचा डबा काढून पोत्यात टाकून घेऊन गेले. आता लाइन रातची आली की सगळ्यांना अंधारात जावे लागते. सुमनबाईच्या घरी दुसरे कोणी नाही. ती बिचारी काठी आणि टॉर्च घेऊन एकटी जाते.

किराणावाल्या विजयभाऊने पेपर पुन्हा वाचला. त्यात मिस्त्री बसवून देतात असे लिहिले आहे आणि गावात मिस्त्री एकच. विजयभाऊ म्हणाला की बाहेरचा माणूस आहे, त्यानेच आपल्या धंद्याची फुशारकी कोणापाशी तरी मारली असेल. सगळे अतुलच्या दुकानावर गेले. मीही गेलो. का गेलो, ते विचारू नको. घरी बसलो तर कोणी म्हणेल की आबाजी का नाही आले, अशी भीती वाटली.

अतुलला विचारले की कोणाला सांगितले. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले, जरा थांबला आणि पुढच्याकडे गेला. मग म्हणाला की मी बाहेर कोणाला सांगितले नाही. विजयभाऊ त्याला खोटारडा म्हणाला. मी माझ्या चपलेकडे पाहत होतो.

तेव्हापासून लोक मोटरी लोधीखेड्याला नेऊन राहिले आहेत. त्याच्या दुकानात कोणी पाय ठेवत नाही.

बोललो तर तुझे नाव निघेल. या गावात तू लहानाची मोठी झालीस, विहारात वंदना म्हणायला शिकलीस. तुला लोकांनी बोल लावलेला मला पाहवणार नाही. पण जेवणही जात नाही. काय करू ते कळव. या म्हाताऱ्याला मनातून काढू नको.

आबाजी

दिल्ली
६ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आबाजींना सविनय जय भीम. वि. वि.

तुमचे पत्र वाचले आणि दिवसभर दुसरे काही सुचले नाही.

दोष आधी माझा आहे. तुम्ही लिहिले होते की तुम्ही झोपलेले असता, तुम्ही ऑटो काढत नाही. ते तसेच छापले तर माझ्या आजोबांना लाज वाटेल, म्हणून मी मिस्त्री पुढे केला. वाक्य चांगले जमले असे वाटले होते. तुम्हाला झाकायला मी ज्याला उघडे पाडले, त्याचे नाव-गाव तुमच्या पत्रात मी वाचले होते. तो खरा माणूस आहे, हे लिहिताना माझ्या मनातही आले नाही.

मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या की टिपणाचा मुद्दा बरोबर आहे. हवे तर संस्थेच्या वेबसाइटवर त्या वाक्याची दुरुस्ती घालता येईल. मुद्दा बरोबर आहे, हे मलाही मान्य आहे. पाणी चाललेच आहे. पण देशाचे भले सांगताना एका माणसाचे दुकान बसले, तर मी कोणत्या तोंडाने सल्ला देऊ?

आबाजी, गावाला सांगा. माझे नाव निघू द्या. लोक बोलले तर चार दिवस बोलतील, मी इथे दूर आहे. अतुलभाऊ तिथेच आहेत. तुम्हाला होत नसेल तर मी रजा टाकून येते आणि सांगते.

औषध चुकवू नका. तुमच्या आशीर्वादावाचून माझे चालत नाही, एवढे लक्षात ठेवा.

करुणा

तिगाव
१८ फेब्रुवारी २०२६

चि. करुणास जय भीम. वि. वि.

तू येऊ नको. इथे तुझ्या लग्नाच्या गोष्टी निघून राहिल्या आहेत. अशात हे नको. मीच सांगतो. थोडे थांब.

परवा सांगायचे म्हणून अतुलच्या दुकानावर गेलो. स्मिता दारात धान्य निवडत होती. तिने स्टूल पुसून दिले. मला शब्द सापडेना, म्हणून फ्यूजची तार मागितली. घरी आधीचीच पडली आहे. अतुलने तार गुंडाळून हातात ठेवली, माझी मोटर ठीक चालते ना, असे विचारले. मग खाली पाहतच विचारले की नात परीक्षेत पास झाली काय.

मी हो म्हटले, तारेचे पैसे ठेवले आणि उठलो.

त्याला सगळे ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून आहे. तो बोलत नाही, याचाच मला धाक वाटतो. एकदा वाटते की त्यानेच माझे नाव घ्यावे, म्हणजे सुटलो. मग वाटते की हे कसले वाटणे.

पौर्णिमेला विहारात लोक जमतात, तेव्हा सांगेन. तोवर धीर धर आणि आपल्या आबाजीला फार वाईट समजू नको.

दादाराव

पांढुर्णा
५ मार्च २०२६

ती. भाऊस इंदूचा सविनय जय भीम. वि. वि.

गुडघा कसा आहे? मी पाठवलेले तेल लावतोस की शिशी तशीच फळीवर आहे? दुसरेच असेल.

काल बसस्टँडवर तुमच्याकडचा अतुल मिस्त्री दिसला. सोबत बायको, पेट्या आणि पोत्यात बांधलेले वाइंडिंगचे मशीन. सौंसरच्या बसची वाट पाहत होते. स्मितापाशी बसले. ती म्हणाली की गावात काम राहिले नाही, सासऱ्याच्या ओळखीने सौंसरच्या दुकानात रोजाच्या हजेरीवर लागून राहिले आहेत. मी कारण विचारले, तर तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने मानेनेच नाही म्हटले, तशी तिने बसचा विषय काढला. तुझे नाव तिने घेतले नाही. उलट विचारले की आबाजी बरे आहेत ना.

भाऊ, दिवाळीनंतर भेटलास तेव्हा तूच मला ऐटीत सांगितले होतेस की करुणाला ऑटोची माहिती कळवली. मला सांगायची गरज नाही, मी जोडून घेतले. पौर्णिमा तर परवा झाली. तू विहारात काही बोलला असतास तर माझ्या कानावर आले असते. लहानपणापासून तुझे हेच. दुसरा कोणी बोलेल म्हणून थांबतोस, आणि मग वेळ टळली म्हणून रडतोस.

भांडण नाही. तुझी बहीण आहे म्हणून लिहिते. माहेरचा ओढा अजून आहे, तो राहू दे.

तुझी,
इंदू

तिगाव
२२ मार्च २०२६

चि. करुणास आबाजीचा जय भीम व आशीर्वाद. वि. वि.

इंदूचे पत्र आले त्याच संध्याकाळी विजयभाऊच्या दुकानासमोर गेलो. तिथे पाच-सहा जण बसतातच. उभे राहून सांगितले की अतुलने कोणाला सांगितले नाही. मी त्याला विचारले, मी माझ्या नातीला लिहिले आणि नातीने ते छापले. डबाही मीच मागे लागून बसवून घेतला होता.

मला वाटले होते की शिव्या पडतील. कोणी उठून जाईल. तसे काही झाले नाही. विजयभाऊने मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला की आबाजी, तुम्ही काय मुद्दाम केले, म्हातारा माणूस, नातीने विचारले ते सांगितले. सुमनबाईसुद्धा म्हणाली की जाऊ द्या. मग विजयभाऊने विचारले की करुणाची दिल्लीत एवढी ओळख आहे, तर त्याचा सौर पंपाचा अर्ज पुढे सरकेल काय. दोघा-तिघांनी आपलेही नाव घालायला सांगितले. अतुलचे विचारले, तर म्हणाले की येऊ दे ना परत, त्याला हाकलले कोणी.

करुणा, तो चहा मी प्यालो. मला चहा पाजायला या लोकांना एक घडी पुरली. तीच चूक अतुलची समजून त्यांनी त्याला दीड महिना पाणी विचारले नाही. मी गावचा आणि तो भाडेकरू, एवढाच फरक. आणि हा फरक मला आधीपासून माहीत होता. माझे फार काही बिघडणार नाही, हे आत कुठे तरी ठाऊक असूनही मी गप्प बसलो. भीती तुझ्यासाठी होती असे तुला लिहिले. पुरते खरे नाही ते.

काल सौंसरला गेलो. तुझ्या बाबांना, राहुलला, शाळेतून सोबत घेतले. अतुल दुसऱ्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून कॉइल भरून राहिला होता. त्याला सगळे सांगितले, गाव परत बोलावते हेही सांगितले. त्याने हातातला फेरा पूर्ण केला, मगच तार सोडली. म्हणाला की त्या दिवशी दुकानासमोर तुमच्या तोंडाकडे पाहिले तेव्हा वाटले होते, आता बोलाल. मग रोज वाटत राहिले. आता वाटत नाही, म्हणून बरे आहे. रागाने म्हणाला नाही. परत येणार नाही म्हणाला. मालक बघत होता, म्हणून पुन्हा कामाला लागला.

राहुल बाहेर आल्यावर म्हणाला की बाबा, माफी मागितली ना, आता मनाला लावून घेऊ नका. मी बसस्टँडची वाट धरली.

तू वेबसाइटवर दुरुस्ती घालता येते असे लिहिले होते. ती घाल. मिस्त्री बसवून देतात हे काढ. त्या जागी लिही की तिगावच्या दादाराव सोमकुवर यांनी ऑटो बसवून घेतला, त्यांचे पाणी नाल्यात जात होते आणि त्यांना ते दिसत होते. नाव पूर्ण घाल. आजोबा म्हणून गाळू नको. मग तो कागद छापून दोन प्रती पाठव. एक विजयभाऊच्या दुकानावर लावतो. दुसरी सौंसरला नेऊन देतो. अतुलने वाचली नाही तरी चालेल.

लोभ कमी झाला असेल, तर तेही मला कळव.

तुझा आबाजी,
दादाराव सोमकुवर