तीन फाटकांची बाग

रविवार, ९ मार्च
आई हरवली! सात वाजलेत, अजून पत्ता नाही.

सकाळी म्हटलं, सहा वर्षांत दोघी कुठं गेलो नाही, आज जुनी बाग निवांत बघू. दोनशे वर्षांची झाडं, काचघर, दगडी कारंजं. आई खुशीत होती. झाडांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती – शाळेतल्या बाईच ती. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पाट्या मात्र घडाघडा! कारंज्यापाशी बाकावर टेकलो. माझा डोळा लागला. उघडला तर शेजारी कोणी नाही.

बागेला तीन फाटकं. रखवालदार म्हणाला, कुठल्या फाटकातून गेल्या ते मी कसं सांगणार? पोलिसांनी फोटो ठेवून घेतला. दादाला फोन केला. म्हणाला, "एक आई सांभाळता येईना तुला?" फोनवरून आई सांभाळणाऱ्यानं हे म्हणावं!

सोमवार, १० मार्च
पायांचे तुकडे पडलेत. बागेला चार फेऱ्या मारल्या. काचघरामागं, पंपाच्या खोलीत, झुडपांत वाकून वाकून. माळ्यानं विहिरीवरची जाळी उचलली. मला बघवेना. त्यानंच वाकून पाहिलं, काही नाही म्हणाला. गोळ्या नाहीत तिच्याजवळ. तहान लागली तर पाणी मागायचं सुचेल का तिला?

दादा आला. चौकीत, शेजारीपाजारी, वहिनीला फोनवर – सगळीकडे एकच सांगतोय, हिचा डोळा लागला.

मंगळवार, ११ मार्च
नाही सापडली.

बुधवार, १२ मार्च
लिहूनच टाकते. कागद तरी कोणाला सांगणार आहे?

माझा डोळा लागला नव्हता. आई उठली, चपला घातल्या, नदीकडच्या फाटकाकडे निघाली. मी बघत होते. हाक ओठांवर आली होती. मनात आलं, जाऊ दे. एवढंच! जरा वेळ तरी कोणी "तू कोण गं?" विचारणार नाही. ती फाटकाबाहेर गेली तरी मी बसूनच. मग घाबरून धावले, तर रस्त्यावर नुसती गर्दी.

आणि पोलीस तीन दिवस तिन्ही बाजूंना शोधतायत, कारण फाटक सांगितलं तर बाकीचंही सांगावं लागेल! सहा वर्षं तिचं हगणंमुतणं काढलं, आणि शेवटी हे केलं मी. जनाची नाही, मनाची तरी वाटायला हवी होती. देवा, तिला जिवंत ठेव. मला हवी ती शिक्षा दे.

गुरुवार, १३ मार्च
चौकीत जाऊन सांगितलं. फाटक, वेळ, सगळं. हवालदार लिहायचा थांबला, माझ्याकडे बघत राहिला. दादा शेजारीच होता. उठून बाहेर निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी सापडली! नदीच्या पुलापलीकडच्या दवाखान्यात. रविवारीच रस्त्यात पडली होती, कोणी तरी तिथं पोचवलं. नाव सांगता आलं नाही, म्हणून नुसती पडून. पायाला पट्टी, अंगात ताप, पण जिवंत आहे. मला बघून हसली, "कोण गं तू?" म्हणाली. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

शनिवार, १५ मार्च
घरी आणलं. सकाळी तिचे केस विंचरत होते. एकदम म्हणाली, अगदी पूर्वीच्या आवाजात – "फाटकाशी मागं वळून पाहिलं मी. तू जागी होतीस. म्हटलं, सुटली बाई पोर. मग शोधलंस कशाला?"